विश्वास आणि राजकीय नेतृत्व यांवर संशोधन करायचंय? कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘अमुक साहेबांचे राजकीय नेतृत्व : एक चिकित्सक अभ्यास.’ राज्यशास्त्रात एम.ए. करून पीएच.डी.कडे वळणाऱ्यांच्या वहीत पहिला विषय बहुधा याच साच्यातला असतो. प्रकरणंही ठरलेली असतात: जीवनपट, राजकीय प्रवास, सहकारातलं योगदान, समारोप. असा प्रबंध पुरा होतो, पदवीही मिळते, पण तो गौरवग्रंथच राहतो, कारण त्यात प्रश्न नसतो. लोकांनी या माणसावर विश्वास का टाकला, कुठवर टाकला आणि कशानंतर काढून घेतला, हे विचारायला लागलं की संशोधन सुरू होतं.

विषय आधी लहान करा

रसेल हार्डिन या अमेरिकी अभ्यासकाची मांडणी इथे फार उपयोगी पडते. विश्वासाच्या वाक्यात तीन जागा भराव्या लागतात: कोण, कुणावर आणि कोणत्या कामासाठी. साखर कारखान्याचा एखादा सभासद उसाचं बिल वेळेत निघेल याबद्दल चेअरमनवर निर्धास्त असतो; त्याच चेअरमनने नोकरभरती सरळ केली असेल, यावर त्याचा काडीचा भरवसा नसतो. ‘तुमचा नेत्यावर विश्वास आहे का?’ या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यायचं? तिसरी जागा रिकामी ठेवलेला विषय पुढे सगळीकडे त्रास देतो. प्रश्नावली ढिली होते, मुलाखती भरकटतात आणि निष्कर्षात ‘विश्वास महत्त्वाचा असतो’ यापलीकडे काही उरत नाही.

त्याबरोबर आणखी तीन भेद पाठ असू द्यात. लोक विश्वास ठेवतात ही एक गोष्ट आणि नेता त्या लायकीचा आहे ही दुसरी. दोन्हींचे पुरावे वेगळे असतात. लायकीचे तीन घटक मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी १९९५ मध्ये मांडले: काम करण्याची क्षमता, समोरच्याचं भलं चिंतणं आणि सचोटी. तिसरा भेद माणसावरचा आणि व्यवस्थेवरचा विश्वास यांतला. डेव्हिड ईस्टन यांनी व्यवस्थेला असलेला खोल पाठिंबा आणि सत्ताधाऱ्यांच्या कामगिरीवर हलणारा पाठिंबा वेगळा काढला. १९७४ मध्ये आर्थर मिलर आणि जॅक सिट्रिन यांच्यात वाद झाला तो यावरच: अमेरिकेत सरकारवरचा विश्वास घटतोय म्हणजे लोक व्यवस्थेला विटलेत, की फक्त खुर्चीवरच्या माणसांना? तुमचा विषय या वादात कुठे बसतो हे दोन ओळींत सांगता आलं पाहिजे.

कोल्हापूरकडे विषयांचा तोटा नाही. नमुन्यादाखल काही:

– उसाचं बिल लांबलं की सभासद नेता बदलतात, की गटातच राहून कुरकुरतात? ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, द्यावी लागते. म्हणजे ‘शब्द पाळला की नाही’ हे इथे तारखेने मोजता येतं. विश्वासाच्या अभ्यासकाला इतकं स्वच्छ माप क्वचित मिळतं.

– २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या दोन गावांत पहिला फोन कुणाला गेला: सरपंचाला, तलाठ्याला, आमदाराच्या कार्यकर्त्याला, की पाहुण्यांना?

– पेठेतल्या तालमींचा शब्द महापालिकेच्या मतदानात अजून किती चालतो?

– इतिहासाकडे ओढा असेल तर मार्च १९२० ची माणगाव परिषद. शाहू महाराजांनी तिथे जमलेल्यांना डॉ. आंबेडकर हे तुमचे पुढारी आहेत असं जाहीर सांगितलं. एका नेत्याने आपली पत दुसऱ्याच्या पाठीशी उभी करण्याचं याहून ठळक उदाहरण शोधून सापडायचं नाही.

विषय पक्षाभोवती बांधताना इथे जपा. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ‘आमचं ठरलंय’ म्हणत आघाडीतल्याच एका गटाने समोरच्या युतीच्या उमेदवाराचं काम उघडपणे केलं. पक्ष हेच एकक धरणाऱ्याला हे अपवाद वाटेल. गट हे एकक धरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

वाचन: दोन कप्पे

पहिला कप्पा सिद्धान्ताचा. वेबर यांची अधिसत्तेची तीन रूपं, ईस्टन, मिलर-सिट्रिन वाद, हार्डिन, मार्गारेट लेव्ही आणि लॉरा स्टोकर यांचा २००० चा आढावा, मेयर आणि सहकारी. नेतृत्वासाठी जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये केलेला देवघेवीचं आणि परिवर्तनकारी नेतृत्व हा भेद. एवढ्यावर तीन महिने द्या. एकेका लेखाला आठवडा लागला तरी चालेल.

दुसरा कप्पा आपल्या भागाचा. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचं राजकारण अभ्यासलं, अँथनी कार्टर यांनी फलटण भागातल्या अभिजनांचं सत्ताकारण. दोन्ही कामं जुनी आहेत, पण क्षेत्रकार्य कसं करतात हे शिकायला आजही तीच काढावी लागतात.

प्रत्येक वाचनानंतर अर्धं पान लिहा: दावा काय, पुरावा काय आणि हे कागल-करवीरमध्ये लागू पडेल का. हा तिसरा प्रश्नच पुढे तुमचं योगदान ठरतो. उदाहरणार्थ, पाश्चात्त्य सर्वेक्षणांत नागरिक एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला असं चित्र गृहीत असतं. आपल्याकडे मध्ये कार्यकर्ता उभा असतो. दवाखान्याच्या बिलात सवलत, दाखला, पोलीस ठाण्यातला फोन, सगळं त्याच्या हातून जातं. लोक साहेबांवर विश्वास टाकतात की या कार्यकर्त्यावर, हे पुरेसं कुणी तपासलेलं नाही.

शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय हे मुख्य ठिकाण. शाहूकालीन विषय असेल तर विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने छापलेले कागदपत्रांचे खंड आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार धरा. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर विसरू नका. जाण्याआधी कोणत्या वर्षांच्या फाइली बांधून ठेवल्या आहेत ते विचारा. विषय पक्का करण्यापूर्वी शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आधीचे प्रबंध पाहा. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, नावांची स्पेलिंगं बदलून शोधा. शीर्षकांची नोंद एकसारखी नसते आणि ‘या विषयावर काम झालेलं नाही’ हे वाक्य तिथेच फसतं.

प्रवेश आणि मार्गदर्शक

परीक्षांचं थोडक्यात. यूजीसी-नेट ही प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते: पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राज्यशास्त्राचा पेपर इंग्रजी-हिंदीतच असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती सेट मराठीतून देता येते, तिला वयाची अट नाही, पण तिची पात्रता महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीसाठी खुल्या गटात वय ३० पर्यंत. मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशही होतो: जेआरएफ नसेल तर परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ हुकली तर सारथी, बार्टी, महाज्योती आणि आयसीएसएसआर या संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवर नजर ठेवा. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा चार गोष्टी विचारा. निवृत्तीला किती वर्षं उरली? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार तीन वर्षांहून कमी सेवा राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा आहे का? प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी अशी मर्यादा आहे. त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? आणि शेवटचा प्रश्न, जो सरळ विचारता येत नाही पण माहीत करून घ्यावाच लागतो: ज्या नेत्याचा तुम्ही अभ्यास करणार, त्याच्या शिक्षणसंस्थेत ते नोकरीला तर नाहीत ना? या जिल्ह्यात कॉलेज, कारखाना, बँक आणि राजकारण यांची नाळ एकच असते. मार्गदर्शकाला अवघड जागी टाकणारा विषय घेतलात तर तिसरं प्रकरण कधीच तपासून परत येत नाही.

कालावधी किमान तीन वर्षं, कमाल सहा. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा भाग सक्तीचा. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे झालेल्या सूचना त्याच दिवशी लिहून घ्या आणि पुढच्या सादरीकरणाची सुरुवात त्यांच्या उत्तराने करा.

क्षेत्रकार्य: इथेच बहुतेक प्रबंध घसरतात

गाव निवडलं, सरपंचांना फोन केला, त्यांनी कार्यकर्ता सोबत दिला, त्याने दहा घरं दाखवली. ही दहा घरं सरपंचाच्या गटाची असतात. पत्ता विचारायला कुणाचीही मदत घ्या, पण उत्तरं देणाऱ्यांची निवड कुणाच्या हाती देऊ नका.

निवड मतदारयादीवरून करा. मतदान केंद्रावर ९६० मतदार आहेत आणि ३० नावं हवीत, तर ९६० भागिले ३०, म्हणजे दर ३२ वं नाव. १ ते ३२ मधला आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून मोजत जा. हव्या त्या २० मुलाखतींसाठी ३० नावं काढायची, कारण यादीत वारलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले निघणारच. नाव सापडलं नाही म्हणून शेजारच्या घरात शिरू नका. घरात असणारी माणसं एका प्रकारची असतात आणि तुमचा नमुना तिकडे झुकतो. एका नावासाठी वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घाला, मग पुढचं नाव घ्या.

आकार किती? पुस्तकांत ३८४ हा आकडा असतो: ९५ टक्के खात्री, पाच टक्के चूक. तो साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. २० केंद्रं आणि प्रत्येकी २० माणसं घेतलीत तर एका केंद्रातली माणसं एकमेकांसारखं बोलतात, आणि विश्वासाच्या प्रश्नावर तर फारच. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ इतकं जरी धरलं, तरी मुलाखतींच्या संख्येला ज्याने भागायचं तो गुणक १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ येतो; १९ म्हणजे केंद्रातली २० माणसं वजा एक. तुमच्या ४०० मुलाखतींची किंमत साधारण २०५ उरते आणि चूक सात टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे पैसे मर्यादित असतील तर केंद्रं वाढवा, प्रत्येक केंद्रातली माणसं कमी करा: ४० केंद्रं, प्रत्येकी १०. पायपीट दुप्पट होते, त्याला इलाज नाही.

प्रश्नावली २५ मिनिटांत संपली पाहिजे. पर्याय चार ठेवा: पूर्ण, बऱ्यापैकी, फारसा नाही, अजिबात नाही. युरोपातली सर्वेक्षणं ० ते १० ची पट्टी वापरतात. वहीवर ती छान दिसते, पण आजीबाईंना तोंडी समजावताना उत्तरं पाच आणि दहा या दोन आकड्यांवर गोळा होतात. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय वाचून दाखवू नका, पण कुणी म्हणालं तर वेगळा नोंदवा. त्याला ‘अजिबात नाही’मध्ये ढकलणं ही सर्रास होणारी चूक आहे. प्रत्येक नेत्यामागे काम जोडा: ‘घराच्या नुकसानीचा पंचनामा अडला, तर हे स्वतः लक्ष घालतील असं वाटतं का?’ नमुन्याबाहेरच्या १५ ते २० जणांवर प्रश्न आधी चालवून पाहा. सगळे एकच उत्तर देत असतील तो प्रश्न काढा.

मुलाखत सुरू होताच उलटा प्रश्न येईल: ‘तुम्ही कुठल्या गटाचे?’ उत्तर तयार असू द्या: विद्यापीठाचं ओळखपत्र, विभागाचं पत्र आणि एक वाक्य. हसून टाळलंत तर समोरचा आपल्याच अंदाजाने ठरवतो आणि त्यानुसार बोलतो. चौकात, दूध संस्थेच्या कट्ट्यावर मुलाखत घेऊ नका. चार माणसं उभी असली की सगळ्यांचाच साहेबांवर पूर्ण विश्वास असतो. कट्टा ऐकायला उत्तम, मोजायला नाही. बायकांच्या मुलाखती शक्यतो मुलाखतकार बाईंनीच घ्याव्यात, नाहीतर उत्तर आतल्या खोलीतून नवऱ्याच्या आवाजात येतं.

वेळापत्रक गावाचं धरा. हंगामात तोडणी सुरू असताना दिवसा शेतकरी भेटत नाही. सकाळ-संध्याकाळ धारा आणि दूध घालण्याची वेळ. दुपारी जेवणानंतर किंवा रात्री आठच्या सुमाराला जा. मतमोजणीनंतरचे काही आठवडे सर्वेक्षण नको, गुलालाचा रंग उत्तरांना लागतो. नदीकाठच्या गावांत जुलै-ऑगस्ट टाळा.

घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मात्र स्मरणावर विसंबू नका. महापुरात कोण आलं होतं, याचं उत्तर माणूस आज ज्या गटात आहे त्याप्रमाणे बदलतं. तिथे कागद लागतो: ग्रामसभेचे ठराव, पंचनामे, तेव्हाची वर्तमानपत्रं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. कारखान्याकडे थेट अर्ज केलात तर नकार येण्याची शक्यता मोठी. सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. अर्ज साखर सहसंचालकांच्या कोल्हापूर कार्यालयाकडे करा. कारखान्याने सरकारला दिलेली माहिती तिथे असते. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतात, त्यांचे छापील अहवाल कुणातरी सभासदाच्या घरी दहा-दहा वर्षांचे मिळतात. केंद्रनिहाय मतांसाठी निवडणूक कार्यालयाचा फॉर्म २०, उमेदवारांच्या मालमत्तेसाठी शपथपत्रं, देशपातळीवरच्या तुलनेसाठी लोकनीती-सीएसडीएसची सर्वेक्षणं.

नेत्याची मुलाखत सगळ्यात शेवटी ठेवा. आधी घेतलीत तर तुम्ही त्यांचीच भाषा घेऊन गावात जाता, आणि गावाला ते लगेच कळतं. वेळ स्वीय सहायकाकडून लेखी मागा, अधिवेशन नसताना. सकाळी संपर्क कार्यालयात गर्दी असते. मुलाखत गाडीत मिळाली तर नाही म्हणू नका, पण रेकॉर्डिंगची परवानगी गाडीतही घ्यायची असते.

नावं झाकणं

‘एक माजी उपसरपंच, महिला, वय ४५’ एवढं लिहिलंत की गावाला कोण ते समजलं. लहान गावात फक्त नाव बदलून भागत नाही. पद, वय, भावकी यांपैकी दोन गोष्टी तरी धूसर कराव्या लागतात. नावांची यादी आणि उत्तरांची फाइल वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि यादी मोबाइलवर अजिबात नको. प्रबंध शोधगंगेवर जातो आणि तो कार्यकर्तेही वाचतात.

लिहिणं आणि छापणं

टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा काला होतो. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे ४० पर्यंत असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं. आकडेमोडीसाठी आर किंवा जामोवी फुकट आहेत, क्षेत्रात मोबाइलवर उत्तरं भरायला कोबो टूलबॉक्स नेट नसतानाही चालतं.

प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, ते पाहा. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमची आहे. दोन दिवसांत स्वीकृती आणि सोबत फीचा क्यूआर कोड आला, तर तिथे लेख देऊ नका. पहिला लेख मराठीत लिहा. वाईचं ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांच्यासाठी लिहिताना इंग्रजी संज्ञांच्या आड लपता येत नाही. मग तोच धागा घेऊन ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ किंवा ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’.

नोकरी

सहायक प्राध्यापकासाठी २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. नसली तरी अर्ज चालतो. मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. अनुदानित जागा कमी निघतात आणि मधली वर्षं बहुतेकांची तासिका तत्त्वावर जातात. अशा वेळी तीन कॉलेजांत तास घेण्यापेक्षा एका कॉलेजात घ्या आणि आठवड्यातले दोन सलग दिवस लिखाणासाठी मोकळे ठेवा. तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या तासांत प्रकरण लिहून होत नाही.

निवडणूक काळात सर्वेक्षण कंपन्यांची आणि प्रचार-सल्लागारांची कामं येतात. पैसे बरे मिळतात, हातही तयार होतो. पण ज्या मतदारसंघात तुमचा प्रबंध आहे तिथलं काम घेऊ नका, आणि दुसरीकडचं घेतलंत तर मार्गदर्शकांना आधी लेखी कळवा. त्या कामाची आकडेवारी प्रबंधात वापरायची नाही. ती तुमची नसते. अर्जाच्या फाइलमध्ये या कामाचा उल्लेख ‘अनुभव’ या सदरात करा आणि प्रश्नावली, नमुना निवडण्याची पद्धत, नावं काढलेली उत्तरांची फाइल यांची एक वेगळी प्रत जोडा. निवड समितीतला राज्यशास्त्राचा तज्ज्ञ ती उघडून पाहतो आणि मुलाखतीतले पुढचे प्रश्न बहुधा तिथूनच येतात.